नकाबाईंची नवी वही

नकाबाईंना खऱ्या नावानं हाक मारायला आता बँकेतल्या कारकुनाखेरीज कुणी उरलं नव्हतं. 'नकाबाई' हे नाव त्यांना पाहुण्यांनी दिलं. पाहुण्यांकडून ते दूधवाल्याकडे, दूधवाल्याकडून वाण्याकडे, असं करत करत सगळ्या वस्तीत पोचलं. त्यांना राग आला नाही. राग यायलाही थोडं धाडस लागतं, आणि धाडसाशी बाईंचा उभ्या जन्मात संबंध आला नव्हता.

लहानपणी त्या झोपाळ्यावर बसत, पण पाय जमिनीवरून उचलत नसत. लग्नाच्या वेळी दोन स्थळं सांगून आली होती. एकाच्या घराला माडी होती, म्हणून ताईनं दुसरं निवडलं, असं त्यांचा भाऊ अजून चारचौघांत सांगतो. नवरा मात्र पदरात पडला तो अगदी बेडर. ट्रक चालवायचा, तोही घाटात एका हातानं. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस गं बाई," असं म्हणून बायकोला चिडवायचा. त्याला ना वळणानं धरलं, ना दरीनं. साध्या तापानं अंथरुणात गेला. बाईंनी त्यातून एवढाच बोध घेतला की गादीलासुद्धा भ्यायला हवं.

नवऱ्यामागे त्या डोंगरउतारावरच्या बंगलीत कामाला लागल्या. बंगली शहरातल्या एका बाईंची. सुट्टीला येणाऱ्यांना चार-सहा दिवसांसाठी ती भाड्यानं देत. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे नकाबाईंची एक खोली. चादरी बदलायच्या, बंब पेटवायचा, नळाची गळती बघायची, किल्ली द्यायची, किल्ली घ्यायची. काम काही अवघड नव्हतं. अवघड होते पाहुण्यांचे प्रश्न. इथं बघण्यासारखं काय आहे? चालत जाता येईल का? मुलांना नेलं तर चालेल? रोज तेच तेच सांगून बाईंच्या नाकी नऊ आले, तेव्हा त्यांनी एक शाळकरी वही आणली आणि परिसरात जे जे बघण्यासारखं होतं ते सगळं लिहून बैठकीच्या टेबलावर ठेवलं.

त्यातल्या निम्म्या जागा त्यांनी स्वतः पाहिलेल्या नव्हत्या. पण ऐकलेल्या होत्या, आणि ऐकताना त्यांचा कान नेमका कशावर असायचा ते वहीच सांगत होती. 'धबधबा: अर्धा तास. खाली उभं राहू नका, वरून दगड येतात. तळं: वीस मिनिटं. पोहू नका, कडेच्या चिखलात पाय रुततो. मधमाश्यांचा कडा: दीड तास. अत्तर लावून जाऊ नका. गुहा: मुळीच जाऊ नका.' गुहेबद्दल याहून जास्त माहिती नव्हती.

पाहुणे वही मोठ्यानं वाचून हसत. पण वाचत, हे महत्त्वाचं. सात वर्षांत बंगलीतून बाहेर पडलेल्या एकाही माणसाचा पाय मुरगळला नाही. ही गोष्ट बाई सोडून कुणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण जे घडलं नाही त्याची मोजदाद कोण ठेवणार?

मग कुणा एका पाहुण्यानं इंटरनेटवर शेरा टाकला. 'घर सुरेख, स्वच्छता उत्तम. पण ती वही वाचून बाहेर पडायचीच भीती वाटते.' दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन.

"अहो, पहिल्या पानावर अकरा वेळा 'नका' आहे. मी मोजलंय. लोक मजा करायला येतात, आणि तुम्ही त्यांना कसली भीती घालताय?"

"मॅडम, पण ते खरं आहे हो."

"खरं असेल. पण गोड लिहा ना. मी नवी वही पाठवते. एक 'नका' दिसता कामा नये. आणि जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरं कुणीतरी बघते."

'दुसरं कुणीतरी' हे शब्द ऐकून बाईंनी घाईघाईनं 'लिहिते' म्हटलं. दुसरं कुणीतरी आलं म्हणजे मागची खोली गेली, आणि ती खोली गेली की या वयात भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं. भाऊ नाही म्हणाला नसता. भावजयही तोंडानं काही बोलली नसती, पण न बोलण्याचेसुद्धा प्रकार असतात.

पिवळ्या पुठ्ठ्याची नवी वही आली. बाई चार दिवस ती पुढ्यात घेऊन बसल्या. खोटं लिहायचं नव्हतं, आणि 'नका'ही लिहायचं नव्हतं. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वतःवर खूश झाल्या. प्रत्येक धोका त्यांनी नवे कपडे घालून आत बसवला. 'धबधबा लांबून पाहण्यातच खरी गंमत आहे.' 'तळ्याच्या काठावरच्या कोरड्या कातळावर बसून पाय सुकवा.' 'कड्याकडे जाताना रानफुलांचा वास घ्या, स्वतःचं अत्तर घरीच राहू द्या.'

आणि नदी. जुन्या वहीत नदीचं पान सगळ्यात मोठं होतं, आणि लाल पेनानं लिहिलेलं. 'नदीत दगडांची वाट आहे. वर धरण आहे. विजेसाठी रोज दुपारी चार वाजता पाणी सोडतात. आधी भोंगा होतो. भोंगा झाल्यावर दगडांवर पाय ठेवू नका. साडेतीननंतर नदीकडे फिरकूच नका.' बाईंचा धाकटा भाऊ त्याच धरणावर दरवाजे उघडायच्या कामावर, त्यामुळे ही माहिती अगदी आतल्या गोटातली. काठावर पूर्वी पाटीही होती. दोन वर्षांमागच्या पुरात ती वाहून गेली, आणि नवी लावायची कुणाला आठवण झाली नाही.

नव्या वहीत त्यांनी लिहिलं: 'नदीतल्या दगडांवरून पलीकडे जाणं म्हणजे मोठी मौज. पलीकडे मऊ वाळू आहे, शिंपले सापडतात. सकाळची वेळ उत्तम.'

सकाळची वेळ उत्तम! एवढ्यात सगळं आलं, असं त्यांना वाटलं. सकाळची उत्तम म्हणजे दुपारची नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मालकीणबाईंना पानांचे फोटो पाठवले. 'वा, आता कसं छान वाटतं,' असं उत्तर आलं. जुनी वही बंबात गेली.

ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. आणि आता बंगलीत एक आई आणि तिची सात वर्षांची मुलगी उतरली होती.

आई शहरातल्या कुठल्याशा कचेरीत होती आणि वर्षभराची झोप चार दिवसांत वसूल करायला आल्यासारखी झोपत होती. मुलगी मात्र कोंबड्याआधी उठून नकाबाईंच्या मागे. तिला एकच खेळ माहीत होता, तो म्हणजे समोरचा करेल तसं करायचं. बाईंनी कंबरेवर हात ठेवला की हिचा हात कंबरेवर. बाई वाकल्या की ही वाकली. बाईंनी दोरीवर चादर टाकताना "आई गं" म्हटलं, तर हीसुद्धा हातरुमाल टाकताना "आई गं."

"माकड आहेस का गं तू?" बाई म्हणाल्या.

"माकड आहेस का गं तू?" मुलगी म्हणाली.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मायलेकी टोप्या घालून, पाण्याची बाटली घेऊन निघाल्या. बाई विटेनं बंब घासत होत्या.

"मावशी, जरा फिरून येतो," आई म्हणाली.

बाईंच्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. कुठं जाताय, असं विचारलं असतं तर पुढचं आपोआप बाहेर पडलं असतं. पण हल्ली त्यांनी जिभेलाच कुलूप घातलं होतं. एक 'नका' निसटला आणि तो इंटरनेटवर गेला, तर? शिवाय दुपारी सगळे तळ्यावरच जातात.

"मजा करा हं," बाई हसून म्हणाल्या.

"मजा करा हं," मुलगी हात हलवत म्हणाली.

चारला एक-दोन मिनिटं कमी असताना बाई धुतलेले टॉवेल घेऊन पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. त्याच वेळी लांबून धरणाचा भोंगा ऐकू आला. तो इतक्या लांबून यायचा की नवख्या माणसाला कुठल्यातरी कारखान्याचा वाटावा. बाईंनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं, टॉवेल पलंगावर ठेवला, आणि त्यांना पलंगावर उघडी पडलेली पिवळी वही दिसली.

नदीचं पान. त्यावर मुलीनं रंगीत खडूनं चित्र काढलेलं होतं. निळी नदी, तिच्यात सात गोल दगड, एक मोठी बाई, एक छोटी बाई. 'सकाळची वेळ उत्तम' या ओळीपुढे आईनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'झोपेत गेली. दुपारी जाऊ.'

  बाईंनी नोंदवही आणली, तिच्यातून आईचा नंबर काढला आणि लावला. घंटा वाजली ती त्याच खोलीत, खिडकीपाशी. फोन तिथं चार्जिंगला लावलेला होता.

मग भावाला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"दरवाजा उघडू नकोस! नदीत माणसं आहेत! लहान पोर आहे!"

"ताई, अगं, पाच मिनिटं झाली उघडून." मागे पाण्याचा आवाज येत होता. "कुठं आहेत?"

"दगडांवर. बंद कर रे! बंद कर!"

"करतो, आत्ता करतो. पण सुटलं ते सुटलं, ते काही माघारी येत नाही. दगडांपाशी पोचायला त्याला वीस मिनिटं लागतात, त्यातली पाच गेली. ताई, तू पळ!"

बाराव्या वर्षानंतर नकाबाई कधी पळाल्या नव्हत्या. पडू, ठेच लागेल, लोक बघतील, हजार कारणं. आता त्या निघाल्या त्या चपलाही न घालता. बंगलीपासून नदीपर्यंतची पायवाट उताराची, सुट्या दगडांची. तिच्यावरून जाताना त्या एरवी दर दहा पावलांवर झाडाला धरायच्या. वीस मिनिटं लागायची. हातात पंधरा होती.

भीती म्हणजे काय हे आपल्याला पुरतं माहीत आहे, असा त्यांचा समज होता. साठ वर्षं जिच्याबरोबर काढली तिला ओळखत नाही असं कसं म्हणणार? पण ती सगळी स्वतःसाठीची भीती होती. ही निराळी होती. हिच्यात स्वतःचे पाय कुठं पडताहेत याची शुद्धच नव्हती. एका जागी त्या घसरल्या, कोपर सोललं, उठल्या. डोळ्यांपुढे सारखी ती ओळ येत होती, त्यांच्याच वळणदार अक्षरातली. किती खूश झालो होतो आपण त्या ओळीवर! देवा, ती पोर तळ्यावर असू दे. मी पडू दे, मरू दे, पण ती तळ्यावर असू दे.

झाडी संपली आणि नदी दिसली. पोर तळ्यावर नव्हती.

मायलेकी पलीकडच्या काठावर होत्या. मुलीच्या ओच्यात शिंपले. पाणी अजून घोट्याएवढं, निवळशंख. दगड कोरडे, उन्हात पांढरे पडलेले. इतकं शांत दृश्य की चित्र काढावं. आणि दोघी परत यायला निघाल्या होत्या. मुलगी पुढे, पहिल्या दगडावर.

"येऊ नका!" बाई ओरडल्या. पण धावून धावून छातीचा भाता झालेला, आवाज फुटेना. खालच्या बाजूला नदी खडकांवरून पडते, तिथला खळखळाट मध्ये होता. बाईंनी दोन्ही हात वर करून जोरजोरानं हलवले. नाही, नाही, नाही.

पलीकडून मुलीनं दोन्ही हात वर करून तसेच हलवले. आई हसली. मावशी न्यायला आल्या, लवकर या म्हणताहेत, असं तिला वाटलं असावं. तिनं मुलीला पुढे व्हायची खूण केली. मुलगी दुसऱ्या दगडावर आली.

बाईंनी आणखी जोरात हात हलवले. मुलगी तिसऱ्यावर. आई पहिल्यावर.

आपण जितके हात हलवतोय तितक्या त्या लवकर येताहेत, हे बाईंना कळलं. बोलावणारा माणूस खाली बसत नाही, एवढंच सुचलं. त्या मटकन वाळूत बसल्या. तिकडे मुलगीही हसत दगडावर मांडी घालून बसली. नदीच्या मधोमध! आई मागून काहीतरी म्हणाली, मुलीनं मान हलवली आणि बाईंकडे बोट दाखवलं.

वरच्या वळणावरून आवाज येऊ लागला होता. फार मोठा नाही, लांबवर ट्रक चढ चढत असावा तसा. बाईंना तो ऐकू आला. मायलेकींना खडकांच्या खळखळाटात ऐकू येत नव्हता. दगडांच्या कडेचं पाणी गढूळ व्हायला लागलं होतं.

पुढे व्हावं, पाण्यात शिरावं, पोरीला उचलावं. बाई उठल्याही. दोन पावलं पाण्याकडे टाकली. मुलगी उठली आणि तिनंही दोन पावलं टाकली, चौथ्या दगडाकडे.

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या जागच्या जागी वळल्या. नदीकडे पाठ केली आणि उलट्या दिशेनं, काठाच्या चढावर, हात वर करून पळत सुटल्या. ती पोर पाण्यात आणि आपण तिच्याकडे पाठ करून पळतोय! मागे वळून बघायची छाती नव्हती. वळलं तर ती वळेल. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुठल्याही संकटाकडे न बघता धावल्या, आणि प्रत्येक पावलाला मागून किंकाळी येईल म्हणून कान फुटायची वेळ आली. दहा पावलं. पंधरा. वीस. बोरीच्या झुडपाचे काटे साडीत अडकले तेव्हाच त्या थांबल्या.

मागून आवाज आला तो पाण्याचा. मोठा, जाड, सगळं झाकून टाकणारा.

बाई वळल्या. दगड नव्हते. दगड होते तिथून तांबूस पाणी चाललं होतं, त्यात एक अख्खी फांदी गोल फिरत गेली. पलीकडच्या चढावर, झाडाखाली, मुलगी हात वर करून उभी होती. हसत होती. पाण्यातून आईच्या बाजूनं ती निसटली असावी, कारण आई आता तिच्यामागून चढत येत होती, "किती गं दंगा" असं काहीतरी म्हणत असावी. मग तिनं मागे वळून पाहिलं. ती तशीच खाली बसली आणि पोरीला तिनं दोन्ही हातांनी ओढून घेतलं. ओच्यातले शिंपले सांडले.

बाईंनी तिथंच मातीत डोकं टेकलं आणि पोटातलं सगळं ओकून काढलं.

खाली अर्ध्या तासावर पादचाऱ्यांचा लाकडी पूल आहे. हातानं दिशा दाखवत दाखवत बाई अलीकडच्या काठानं चालल्या, मायलेकी पलीकडच्या. पुलाच्या टोकाला आई आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मुलगी तेवढी बडबडत होती.

"आजी, तू पळालीस, मी पण पळाले! मीच आधी पोचले झाडाशी!"

"हो गं बाई, तूच आधी," बाई म्हणाल्या.

आईनं विचारलं, "असं पाणी कधी कधी येतं का इथं?"

"रोज येतं. चार वाजता."

"रोज?" तिनं मुलीला जवळ ओढलं. "आणि तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग वहीत का नाही लिहिलंत, मावशी?"

मालकीणबाईंचं नाव ओठांवर आलं होतं. ते घेतलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. "लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळची वेळ उत्तम, असं."

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "त्यातून मला काय समजणार होतं? माझी पोर गेली असती, मावशी! असं कोड्यात का लिहिलंत?"

"घाबरून लिहिलं," बाई म्हणाल्या. "मालकीणबाई म्हणाल्या, 'नका' लिहू नका. मला वाटलं, काम जाईल, खोली जाईल. माझ्या खोलीसाठी भ्याले मी."

 आईनं मुलीचा हात घट्ट धरला आणि पुढे चालू लागली. बाई दहा पावलं मागून. चढ संपता संपता ती थांबली आणि वळून म्हणाली, "आमच्या आधी किती जणांनी वाचली ही वही?"

एवढा वेळ बाईंना वाटत होतं की भीती संपली. ती संपली नव्हती, तिनं फक्त दम घेतला होता.

तीन आठवडे. पाहुण्यांच्या तीन तुकड्या. बंगलीत पोचल्याबरोबर, कोपराचं रक्तही न पुसता, बाईंनी नोंदवही उघडली. आई आत सामान भरत होती. तिनं एकदा दारातून पाहिलं आणि मग भरणं सोडून तिथंच उभी राहिली. बाहेर अजून उजेड होता.

पहिले होते दोन निवृत्त शिक्षक, नवराबायको. फोन त्यातल्या बायकोनं उचलला. "आम्ही कुठले नदीवर जातोय हो? ह्यांचे गुडघे! पडवीच्या पलीकडे गेलो नाही." दुसऱ्या चार मैत्रिणी. त्या टेकडीवर गेल्या होत्या, परत येऊन पत्ते खेळत बसल्या होत्या, चौघी सुखरूप.

तिसरा एक एकटाच माणूस, गळ्यात दुर्बीण लटकवून पक्षी बघत हिंडणारा. तीन दिवसांसाठी आला होता. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं जातो म्हणाला होता. सकाळी दाराला किल्ली होती, खोली रिकामी होती, खुंटीवर टोपी विसरलेली. बाईंनी त्याला जाताना पाहिलं नव्हतं. पिशवी नव्हती म्हणजे गेलाच असणार. पण पिशवी तर तो फिरायला जातानाही पाठीवर घ्यायचा. आणि त्यानंतर त्याचा ना फोन, ना निरोप.

बाईंनी नंबर लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. 'संपर्क होऊ शकत नाही.' बाईंनी खुर्चीची पाठ धरली. नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस कुणी विचारायलाही आलं नाही, पण एकट्या माणसाला विचारणार तरी कोण? तिसऱ्यांदा लावला. मुलगी टेबलाखाली बसून बघत होती. तिनंही एक हात कानाला लावला.

"हॅलो?"

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो? कोण? अरे, बंगलीच्या मावशी का! बोला, बोला. माझी टोपी राहिली ना तिथं?"

"तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे की. का हो?"

"नदीवर गेला होतात? दगडांवरून?"

 तो हसला, पण ते हसणं नीटसं जमलं नाही. "तुम्हाला कसं कळलं? गेलो होतो, दुसऱ्या दिवशी, दुपारी. मधोमध होतो आणि एकाएकी पाणी आलं. कमरेपर्यंत. एक बूट गेला. एका मुळीला धरून अर्धा तास लटकलो होतो मावशी, हात सुटणार असं वाटलं. आलो कसाबसा. कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही."

"का नाही सांगितलंत?" बाईंचा आवाज फाटला. "मला तरी सांगायचं होतं!"

"काय सांगू? लाज वाटली. तुमच्या वहीत इतकं बारीक लिहिलंय, पाय कुठं सुकवायचे तेसुद्धा. धोका असता तर या बाईंनी लिहिला नसता का? म्हटलं, आपणच बावळट, शहरी माणूस, आपल्यालाच नदी कळत नाही. अजून झोपेत दचकून उठतो. पण वही झकास लिहिलीय हं तुम्ही. अगदी प्रेमानं."

बाईंनी डोळे मिटले. दारातली आई त्यांच्याकडे बघत होती.

"तुम्ही बावळट नाही हो," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं. रोज चार वाजता पाणी येतं हे मला माहीत होतं, आणि मी ते लिहिलं नाही."

पलीकडचा श्वास ऐकू येत होता. तो काय म्हणेल याची बाईंना भीती वाटली, फार वाटली. पण त्यांनी फोन खाली ठेवला नाही. तो बोलेपर्यंत त्या तशाच कानाला लावून उभ्या राहिल्या.